आमेन झाल्यावर कुणी बोलत नाही

आमच्या मंडळीत भांडण मिटवायची एक ठरलेली रीत आहे. दोघांना समोरासमोर बसवायचं, चहा द्यायचा, आणि त्यातलं एक जण खरं बोलायला तोंड उघडतंय असं दिसलं की तिसऱ्यानं म्हणायचं, "चला, आपण प्रार्थना करू या." झालं. माना खाली जातात, बायकांचे पदर डोक्यावर येतात. देवाशी बोलणाऱ्याला मध्येच तोडता येत नाही. तो दोघांच्या वतीनं देवाला सगळं सांगून टाकतो. दोघांचं चुकलं, दोघांनी एकमेकांना माफ केलं, आता मनात काही उरलं नाही. मग आमेन. त्यानंतर जो पुन्हा तो विषय काढेल तो नुसता भांडखोर ठरत नाही, त्याच्या विश्वासातच खोट काढतात. जावाजावांची, बापलेकांची, पाळकसाहेब आणि पेटीवाल्याची अशी कितीतरी भांडणं मी मिटलेली पाहिली. मिटली म्हणजे बोलायची बंद झाली.

मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं, आणि पाळकसाहेब म्हणजे चर्चचे धर्मगुरू. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. चारी बाजूंनी ऊस, आणि गावाच्या कडेला गोऱ्या मिशनरी साहेबांनी बांधलेलं दगडी चर्च. सगळे एकमेकांचे सोयरे, त्यामुळं भांडणं घरातली आणि न्याय करणारेही घरातलेच. मी लग्न होऊन साताऱ्याला आले, शाळेत शिकवलं, निवृत्त झाले. माझी थोरली बहीण, आक्का, तिथंच राहिली. आठवडाभर बालवाडी चालवायची आणि रविवारी चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवायची. तिच्याविषयी लिहायचं म्हटल्यावर तिनं एकच बजावलं, नावं घालू नकोस. तिचा स्वभावच तसा. माझा नाही. माझ्या जिभेला हाड नाही असं माझे सासरे चारचौघांत सांगायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

तर, आमचे वडील, अप्पा, आजारी पडले. माणसाचं जास्त झालं की आमच्याकडं मिरजेचं मिशन हॉस्पिटल गाठतात, तसं आम्हीही गाठलं. आक्का बालवाडीला रजा टाकून अप्पांच्या उशाशी बसून राहिली. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीच्या दिवशी जायची. एका रविवारी उपासना झाल्यावर मंडळीचे पंच अप्पांसाठी प्रार्थना करायला आले. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी वडीलधारी माणसं. त्यांच्यात माझा आतेभाऊही होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. साखर कारखान्यात चांगल्या नोकरीवर होता, आणि पंचांत त्याला नुकतंच घेतलं होतं. प्रार्थना झाली. अप्पांना जरा उठवून बसवावं म्हणून म्हाताऱ्या पंचांनी उशी सरकवली, तर खाली कागदाची पुडी. उघडली तर अंगारा, आणि झेंडूची सुकलेली पाकळी.

"ह्ये कुनी ठेवलं?" म्हातारे पंच म्हणाले.

आक्कानं दादाकडं पाहिलं. दादानं खिडकीबाहेर पाहिलं. खाली रस्त्यावर शहाळीवाल्याची गाडी होती, तिच्याकडं तो असा निरखून बघत होता की जणू भाव ठरवायचाय. मी दारात उभी होते, मला काहीच कळेना. पुढं कधीतरी आक्कानं मला शपथ घालून सांगितलं तेव्हा कळलं. ती पुडी आमच्या आत्यानं, म्हणजे दादाच्या आईनं, दोनच दिवसांपूर्वी तिथं सरकवली होती. आक्कानं ते पाहिलं तसं आत्यानं तिचा हात धरला होता. "कुनाला सांगू नगंस गं. येकच भाऊ हाय मला. येशूला तर रोज सांगतेच की, पन म्हटलं, आनिक कुनी ऐकत आसंल तर त्यालाबी ऐकू दे. दादानंच न्हेलं मला गाडीवर." माणदेशातल्या कुठल्याशा देवाच्या ठाण्यापर्यंत तो आईला स्वतःच्या स्कूटरवरून घेऊन गेला होता. आक्कानं आत्याला शब्द दिला, सांगणार नाही म्हणून.

आत्याला मी आजही दोष देत नाही. भाऊ हातचा चालला होता, तिनं मिळेल त्या दारात पदर पसरला. मी तिच्या जागी असते तर आणखी चार ठिकाणी गेले असते.

अप्पा गेले. मातीत जाऊन महिना झाला नाही तोवर पंचांनी आक्काला बोलावलं. आमच्या मंडळीत या गोष्टीची फार धास्ती. पणजोबांनी धर्म बदलला तेव्हा गावानं त्यांना पाणी बंद केलं होतं असं सांगतात. एवढं सोसून जे मागं टाकलं त्याकडं कुणी पुन्हा वळून पाहिलं की जुनी माणसं लगेच पंच बसवतात. ते मी समजू शकते. पण उशाशी मुलगी बसत होती म्हणजे पुडी तिचीच, हे त्यांनी कसं ठरवलं ते मी समजू शकत नाही. आक्का एवढंच म्हणाली, "मी ठेवली न्हाई." "मग कुनी ठेवली?" याला ती गप्प. दादा तिथंच बसला होता. त्यानं तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. तो खाली बघून चटईची काडी उपसत बसला.

आक्काला शिस्तीखाली घेतलं. हा आमच्यातला शब्द. बाजाची पेटी बंद, आणि प्रभुभोजन बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा चिमुकला पेला घेते. बाहेरच्याला ते काहीच वाटणार नाही, पण आमच्या घरात त्या सकाळी आई आमच्याशी मोठ्यानं बोलायचीसुद्धा नाही, इतकं ते जपायचं असतं. त्याआधी एक गीत होतं, आणि त्या गीतावर लहान मुलं आणि शिस्तीखालची माणसं उठून बाहेर जातात. मंडळीपुढं उभं राहून चूक कबूल केली की शिस्त उठते. दोन वाक्यांचं काम. मीसुद्धा तिला म्हटलं, बोलून टाक आणि मोकळी हो. ती म्हणाली, "जे केलं न्हाई ते केलं म्हनून देवापुढं सांगू? त्यापरीस भायेर बरी."

आणि ती बाहेर राहिली. मी साताऱ्याला आले, माझी मुलं झाली, मोठी झाली, आणि ही बाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या गीतावर उठायची, पदर सावरायची आणि पोरांबरोबर बाहेर पडायची. कडुनिंबाखाली पोरांना गोष्टी सांगत बसायची. त्यातली काही पोरं पुढं बाप्तिस्मा घेऊन आत जाऊन बसली, त्यांची पोरं बाहेर आली, तरी ही बाहेरच. तिचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं, साताऱ्याचंच, मुलगा शिक्षक होता. शिस्तीखालची मुलगी आहे हे कळल्यावर त्यांनी विचार बदलला. पुढं कुणी विचारलं नाही आणि तिनंही मनावर घेतलं नाही.

आत्या आत बसायची. भाकर हातात आली की तिच्या डोळ्यांना धार लागायची. बायका म्हणायच्या, काय भक्ती आहे बघा. मला उठून ओरडावंसं वाटायचं. एकदा नाताळात आत्यानं आक्काचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दादाची बायको आली आणि तिला आत घेऊन गेली. पुढं आत्या वारली. तिला शेवटची आंघोळ आक्कानं घातली. मला वाटलं, आता शब्द संपला, आता ही बोलेल. विचारलं तर म्हणाली, "मेलेल्या बाईवर ढकलू व्हय? कोन खरं मानंल? ज्याला ठावं हाय त्यानंच सांगाय पायजे."

ज्याला ठाऊक होतं तो तोवर मंडळीचा अध्यक्ष झाला होता. वाईट माणूस म्हणावा तर तसाही नव्हता, हीच तर चीड. कुणाच्या घरी आजारपण आलं की गाडी घेऊन हा हजर. नाताळला आक्काकडं फराळाचं ताट यायचं ते इतर घरांपेक्षा मोठं, करंज्यांनी शिगोशीग भरलेलं. आक्काही ते रिकामं परत पाठवायची नाही. ताटं जात-येत राहिली. आणि पाळकसाहेब नसतील त्या रविवारी हा व्यासपीठावर उभा राहून क्षमेवर उपदेश करायचा. किती वेळा क्षमा करावी, यावर त्याची विशेष तयारी होती. मागायची कशी, यावर मी त्याला कधी बोलताना ऐकलं नाही.

तीनेक वर्षांपूर्वी नवीन पाळकसाहेब आले. नगरकडचे, तरुण, मनानं चांगले. पहिल्याच प्रभुभोजनाला केस पिकलेली बाई पोरांबरोबर बाहेर जाताना त्यांनी पाहिली आणि त्यांना ते बघवलं नाही. विचारपूस केली, दादाशी बोलले, आक्काशी बोलले. मंडळीचा वर्धापनदिन जवळ आला होता, त्याआधी समेट व्हावा असं त्यांच्या मनानं घेतलं. आक्काचा मला फोन आला. ती फोनवर कधी पाल्हाळ लावत नाही, पण त्या दिवशी आवाज वेगळाच होता. "येशील का गं? दादा बसाय तयार झालाय."

मी एसटीनं निघाले. हायवेचं काम चालूच होतं, कराडपर्यंत धूळ खात आले. वाटेत मनाशी किती भाषणं केली! पण मी घरात पाऊल टाकल्या टाकल्या आक्कानं मला दम भरला. "तू मधी बोलू नगंस. मला त्याच्याकडनं दुसरं कायबी नगं. आत्याचं नावबी घेऊ नगं म्हनावं. फकस्त म्हन म्हनावं, ती पुडी हिची नव्हती. येवढंच. चार लोकांत." तिनं इस्त्रीची साडी काढून ठेवली होती. एवढ्या वर्षांत तिनं कुणाकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे एक वाक्य तिला हवं होतं.

पाळकसाहेबांच्या घरी बसलो. ते, त्यांची पत्नी, दोन पंच, दादा, वहिनी आणि आम्ही दोघी. दादा खंगला होता, हृदयाचं दुखणं होतं त्याला. चहा झाला, बिस्किटं झाली. पाळकसाहेबांनी छोटासा उतारा वाचला. मग आक्का सरळ दादाकडं वळली.

"दादा, मी तुझ्यावर रागावलेली न्हाई. तुला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. येकदाच म्हन की, ती पुडी माझी नव्हती."

दादाचे ओठ हलायला लागले. डोळे भरून आले. मी शपथेवर सांगते, तो बोलणार होता. त्यानं श्वास घेतला, "बाई गं..." म्हणाला, आणि त्याचा हात छातीवर गेला. वहिनीनं घाबरून त्याच्या छातीकडं पाहिलं, मग पाळकसाहेबांकडं पाहिलं. आणि त्या भल्या माणसानं, ज्याला आमच्यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं, दोघांच्या खांद्यावर हात ठेवले आणि म्हणाले, "प्रभूचा आत्मा इथं काम करतोय. चला, आपण प्रार्थना करू या."

मी डोळे मिटले नाहीत. मी बघत होते. दादानं डोळे मिटले ते किती चटकन! बुडणाऱ्याला काठ सापडावा तसा चेहरा झाला त्याचा. पाळकसाहेबांनी देवाचे आभार मानले, की या भावाबहिणीनं एकमेकांचे अपराध पोटात घातले. एकमेकांचे! आक्काचा कुठला अपराध होता? मी "थांबा" म्हणायला तोंड उघडलं तर आक्कानं पदराखालून माझं मनगट धरलं. आमेन झालं. दादा उठला, त्यानं आक्काला जवळ घेतलं, रडला. पंच रडले. पाळकसाहेबांच्या पत्नीनं फोटो काढला. मग जेवायला मटण होतं. मी जेवले नाही, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

रविवारी वर्धापनदिनाची उपासना, त्यातच प्रभुभोजन. चर्च गच्च भरलेलं, मिरज-सांगलीहून पाहुणे आलेले. पाळकसाहेबांनी आनंदानं जाहीर केलं, की बऱ्याच वर्षांपूर्वी वाट चुकलेल्या आपल्या एका भगिनीला मंडळीनं आज क्षमा केली आहे, तिच्यावरची शिस्त उठवण्यात आली आहे, आणि यासाठी मंडळीच्या अध्यक्षांनी मोठं मन दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मी आक्काकडं पाहिलं. ती समोर बघत होती. मला वाटलं, आता ही उठेल आणि बाहेर चालायला लागेल, आणि तिच्यामागून मी जाईन, आणि या सगळ्यांच्या तोंडाला काळं फासलं जाईल. गीत सुरू झालं. पोरं उठली. आक्का बसून राहिली.

तबक घेऊन आला कोण, तर दादाच. आक्कानं तबकातून भाकरीचा तुकडा उचलला, डोळे मिटले, खाल्ला. मी तबक तसंच पुढं सरकवलं. माझ्या घशाखाली उतरलं नसतं.

घरी आल्यावर मी तिला वाट्टेल ते बोलले. त्यांनी तुला भर चर्चमध्ये पापी ठरवलं आणि तू गपचूप खाल्लंस, एवढी वर्षं बाहेर बसलीस ती कशासाठी, मान खाली घालायची होती तर तेव्हाच घालायचीस, लग्न तरी झालं असतं. शेवटचं बोलायला नको होतं, पण बोलले. ती चुलीपाशी... चूल कसली, गॅसच, पण ती अजून तसं म्हणते, तर चुलीपाशी उभं राहून तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मी कायबी कबूल केलं न्हाई," ती म्हणाली. "ते बोलले ते त्यांचं. मला भूक लागली हुती गं. आनि भाकर काय त्याच्या घरची नव्हती."

त्यानंतर चार-पाच महिन्यांत दादा गेला. झोपेतच गेला. मी येणार नव्हते, आक्कासाठी आले. चर्चमध्ये शवपेटी ठेवली होती, फुलांचे हार होते, कारखान्याची माणसं आली होती. पाळकसाहेबांनी त्याचं गुणवर्णन केलं. मंडळीसाठी त्यानं खाल्लेल्या खस्ता सांगितल्या, आणि मग म्हणाले, "त्यांच्या क्षमाशील मनाचे तर आपण सगळे साक्षीदार आहोत. आपल्या मामेबहिणीला त्यांनी ज्या मोठेपणानं पुन्हा मंडळीत घेतलं..." आणि त्यांनी आक्कालाच दोन शब्द बोलायला सांगितलं.

ती उठली. मी तिच्या हाताला चिमटा काढला. सांग. आता सांग. आता तर तोही नाही आणि आत्याही नाही. पुढच्या बाकावर वहिनी बसली होती. तिनं मान वर केली आणि आक्काकडं पाहिलं, आणि त्या नजरेवरून मला कळलं की हिला सगळं ठाऊक आहे, पहिल्यापासून ठाऊक आहे. तिच्या शेजारी तिची मुलं, सुना, मांडीवर नातू. वहिनीनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

आक्का शवपेटीजवळ जाऊन उभी राहिली. तिनं सरकलेला एक हार नीट केला. मग म्हणाली, "दादाचा आईवर लय जीव हुता. आईकडं कुनी बोट दावावं, ह्ये त्याला कवाच सोसलं न्हाई. त्यासाठी त्यानं लय सोसलं. मला म्हाईत हाय ते." आणि जागेवर येऊन बसली.

बायकांनी डोळे पुसले. किती छान बोलली, म्हणाल्या. वहिनी मात्र ओक्साबोक्शी रडायला लागली, सुनांना आवरेना.

दफनभूमीतून परतताना मी आक्काला म्हटलं, की तू त्याला आज पुन्हा वाचवलंस. लोकांना काय कळलं यातलं? मंडळीच्या लेखी तू आजही चुकलेली बाई आहेस, आणि तो तुला माफ करून गेलेला थोर माणूस.

"खोटं कुठं बोलले मी?" ती म्हणाली. "वैनीला कळलं. बास की."

"मी नाही त्याला माफ केलं," मी म्हटलं. "करणारही नाही."

ती थांबली, चपलेत गेलेला खडा काढला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुज्याकडं कुनी माफी मागितलीया?"

बरोबरच होतं ते. माझ्याकडं कुणी मागितली नव्हती. तिच्याकडंही कुणी मागितली नव्हती.